पतीसाठी वचन: दावा वेगळा, विनंती वेगळी

महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक तक्ता फिरत असतो: पतीसाठी 31 दिवस, बायबलमधली 31 वचने. त्यात प्रेषित पौलाची प्रार्थना, यिर्मयातले अभिवचन, नीतिसूत्रांतली म्हण आणि पेत्राने नवऱ्यांना दिलेली तंबी अशी सगळी एकाच रांगेत बसवलेली असतात. प्रत्येकीखाली सूचना एकच: "पतीचे नाव घालून दावा करा." नाव कसे घालायचे ते तुम्हांला येते. गुडघे टेकून की खुर्चीत बसून, मोठ्याने की मनात, उपास धरून की न्याहारी करून, हेही तुमचे तुम्ही ठरवा. नाव घ्यायला जीभ अडखळत असेल तर "माझे पती" म्हणा, "ह्यांना" म्हणा. कोणाबद्दल चालले आहे ते देवाला कळते.

घोटाळा "दावा" या शब्दात आहे.

दावा करणे म्हणजे देवाने अमुक गोष्ट माझ्या नवऱ्याला देऊ केलीच आहे, आता ती होणारच, असे धरून बोलणे. विनंती म्हणजे देवाला काय रुचते ते वचनातून ओळखून तेच मागणे आणि द्यायचे की नाही, कधी द्यायचे, हे त्याच्यावर सोडणे. कानाला दोन्ही सारखेच लागतात. मराठीत मात्र हा फरक क्रियापदाच्या शेपटीत उघड दिसतो. प्रभूची प्रार्थना आठवा: राज्य "येवो", इच्छेप्रमाणे "होवो". गणना 6:24-26 मधला आशीर्वाद: "देवो", "करो". पौलाच्या प्रार्थनांत "व्हावे", "मिळावे". अभिवचनाची शेपटी "ईल", आज्ञेची "कर, करा". तक्ते बनवणारे "व्हावे"चे "होईल" करतात. शेपटीच्या एवढ्याशा बदलाने मागणे संपते आणि वसुली सुरू होते.

3 योहान 2 घ्या. गायसाला लिहिताना योहान म्हणतो, तुझे सर्व बाबतींत बरे चालावे, तुला आरोग्य असावे. पत्राच्या सुरुवातीची ही सदिच्छा. मधुमेह असलेल्या नवऱ्यासाठी हे वाक्य उत्तम आहे, पण "असावे" म्हणूनच. "पती निरोगी राहतील असे देवाने सांगितले आहे" हे त्या पत्रात कुठेही नाही.

दुसरी खूण "तू" आणि "तुम्ही"ची. आपण नवऱ्याला आदराने "अहो, तुम्ही" म्हणतो, म्हणून यिर्मया 29:11 मधले "तुमच्याविषयी" वाचताना एकट्या पतीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. पण परमेश्वर एका माणसाशी बोलतो तेव्हा "तू" म्हणतो, मग तो अब्राहाम असो, मोशे असो की दावीद. इथले "तुम्ही" म्हणजे बंदी करून बाबेलात नेलेले सगळे यहूदी लोक. आदल्याच ओळीत, 29:10 मध्ये, 70 वर्षे थांबा असे सांगितले आहे. पतीच्या बढतीसाठी 11वे वचन हवे असेल तर 10वेही घ्यावे लागेल, आणि 70 वर्षे थांबायला कोणीही तयार नसते.

याच 70 वर्षांचे त्या बंदिवानांतल्या दानीएलाने काय केले ते दानीएलाच्या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात आहे. यिर्मयाचा लेख वाचून मुदत भरत आल्याचे त्याला कळले. अभिवचन खरे, त्याच्याच लोकांना दिलेले, काळही ठरलेला. तरी त्याने घोषणा केली नाही. उपास, गोणताट, राख, पापांची कबुली आणि मग विनवणी. दावीदही 2 शमुवेल 7 मध्ये स्वतःला मिळालेले वचन देवासमोर ठेवून "तू बोललास तसे कर" असे मागतोच. अगदी खऱ्या अभिवचनाचीही शास्त्रात विनंतीच होते. मग परक्याला दिलेल्या अभिवचनाची घोषणा आपण कशाच्या जोरावर करावी?

सर्वांत जास्त मनस्ताप देते ते प्रेषितांची कृत्ये 16:31: "तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल." पती विश्वासात नसलेल्या बहिणी हे वर्षानुवर्षे धरून बसतात आणि काही घडले नाही की आपलाच विश्वास कमी पडला असे मानतात. हे वाक्य पौल आणि सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला म्हटले आहे. 32व्या ओळीत घरातल्या सर्वांना वचन सांगितले जाते, 34व्या ओळीपर्यंत घराणे आनंद करते. ते ऐकतात तेव्हा घडते, एकाच्या विश्वासाने बाकीचे आपोआप तरत नाहीत. शिवाय 1 करिंथ 7:16 मध्ये पौल पत्नीलाच विचारतो, तू पतीला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? हमी असती तर हा प्रश्न आला नसता. इथे रोमकरांस 10:1 धरा. आपल्या लोकांचे तारण व्हावे ही माझी देवाजवळ विनंती, असे पौल लिहितो. "व्हावे"!

नीतिसूत्रे 21:1 ची गंमत वेगळीच. राजाचे मन परमेश्वराच्या हाती पाटाच्या पाण्यासारखे असते, त्याला वाटेल तिकडे तो ते वळवतो. नवऱ्याचे मन वळवण्यासाठी हे फार लाडके. पण "त्याला वाटेल तिकडे" मधला "त्याला" म्हणजे परमेश्वर, प्रार्थना करणारी पत्नी नव्हे.

संरक्षणाचे स्तोत्र 91 रात्री घाट उतरणाऱ्या पतीसाठी जरूर म्हणा, "राखो" म्हणून. मत्तय 4:6 मध्ये सैतान हेच स्तोत्र हमीपत्रासारखे पुढे करतो, उडी टाक म्हणतो. येशूचे उत्तर अनुवाद या पुस्तकातल्या 6:16 चे: देवाची परीक्षा पाहू नको. झोप अनावर झाली असेल तर गाडी बाजूला लावायला सांगणारा फोनही करा.

तर करायचे काय? तक्ता बाजूला ठेवून आठवड्याला एकच उतारा घ्या. कलस्सै 1:9-12 पासून सुरुवात करा. सर्व सत्कृत्यांत फळ, देवाच्या ज्ञानात वाढ, धीर आणि सहनशीलतेसाठी बळ, उपकारस्तुती: चार मागण्या तयारच आहेत. पुढे फिलिप्पै 1:9-11, मग इफिस 3:14-19. मूळ "तुम्हांला"च्या जागी "माझ्या पतीला" घाला, "व्हावे" तसेच ठेवा. त्याखाली रोजचे ठोस मागणे जोडा: "उद्या साहेबांशी बोलताना धीर मिळावा." नोकरी, कर्ज, दारू यांबद्दल बिनदिक्कत मागा, फिलिप्पै 4:6 सर्व गोष्टी मागायला सांगतेच. वहीत मागितल्याची तारीख लिहा, मिळण्याची मुदत लिहू नका.

आज्ञांचे मात्र मागणे करू नका, निदान त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. शेजारच्या खोलीत पती असताना "प्रभू, ह्यांना इफिस 5:25 शिकव" (पतींनो, पत्नीवर प्रीती करा) हा टोमणा आहे. 1 पेत्र 3:7 ही नवऱ्यांची ओळ. पत्नीला मान दिला नाही तर त्यांच्या प्रार्थनांत अडथळा येतो असे ती सांगते. ती त्यांनीच वाचावी.

आणि 1 पेत्र 3:1-2, पतीला शब्दावाचून, वागणुकीने मिळवून घेण्याबद्दलचे. हा भाग मारहाण सोसत राहण्याचे कारण म्हणून हातात दिला जातो. त्यात मार खा असे कुठेही लिहिलेले नाही. घरात हात उगारला जात असेल तर प्रार्थना सुरक्षित जागी जाऊन करा, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ख्रिस्ती पत्नीलाही लागू आहे.