मिश्रवयीन विद्यार्थी गट

शाळेतील वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांचा मिळून केलेला आणि वर्षानुवर्षे टिकवलेला छोटा गट. पहिली ते सातवीच्या शाळेत अशा गटात प्रत्येक वर्गातील एक-दोन मुले असतात आणि परसबाग, झाडे जगवणे, पाण्याच्या टाकीभोवतीची स्वच्छता यांसारखे एखादे सेवेचे काम गटाकडे सोपवलेले असते. इयत्तांच्या भिंतींमुळे मुलांची ओळख आपल्या वर्गापुरतीच राहते. ती शाळाभर व्हावी, हा यामागचा हेतू. लाल-निळ्या-हिरव्या ‘हाउस’चे गटही मिश्रवयीनच, पण ते बहुधा क्रीडास्पर्धेच्या गुणांपुरते उरतात.

पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. मद्रासच्या एका अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहून तशीच रीत अवलंबली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. पुढे इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. तिथे मोठा मुलगा कमी खर्चातला शिक्षक होता. मिश्रवयीन गटात त्याचे काम शिकवण्यापेक्षा सोबतीचे असते.

सातारा जिल्ह्यात या विचाराला सकस जमीन आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. सर्व जातींची लहानमोठी मुले तिथे एकत्र राहत, स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत आणि एका पंगतीला जेवत. अंगमेहनतीतून जातीची शिवण उसवता येते, हे त्या वसतिगृहाने करून दाखवले. श्रमदान गावांच्याही अंगवळणी आहे. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या गावागावांतील जलसंधारणाच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले.

काम गावाच्या गरजेचे असेल तरच गट जमतो. माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यात ते उन्हाळ्यात रोपे जगवण्याचे असते, जावळी-पाटणच्या पावसाळी डोंगरात वाहून जाणारी माती अडवण्याचे. रोप लावताना सातवीतला मुलगा खड्डा खणतो, चौथीतली मुलगी आळे करते, पहिलीतला तांब्याने पाणी घालतो. तांब्या लहान असल्याने त्याला चार खेपा लागतात आणि बाकीच्यांना तोवर थांबावे लागते. हे थांबणे वर्गात शिकवता येत नाही. भागाकारात अडणारा, पण घरच्या शेतात राबणारा मुलगा इथे सगळ्यांचा दादा होतो. वर्षभर मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला असा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

या गटांचा खरा कस ऊसतोडीच्या हंगामात लागतो. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुले अर्ध्या वर्षी शाळेत दाखल होतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्यांना वयानुरूप वर्ग मिळतो, पण फड बदलत राहिल्याने अभ्यास मागे पडलेला असतो आणि वर्गात ते एकटे पडतात. गटात मात्र वय आणि इयत्तेची सरमिसळ आधीपासूनच असते, त्यामुळे नवे मूल वेगळे उठून दिसत नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या हाती झारी येते आणि पोषण आहाराच्या रांगेत ताई त्याला आपल्याजवळ बसवते. टोळी परतल्यावर त्याने लावलेल्या रोपाची निगा गटच राखतो. एवढ्या एका कारणासाठीही कारखान्यांच्या परिसरातील प्रत्येक शाळेने हे गट करावेत.

गट बिघडतात ते मोठ्या मुलांचे मुकादम झाले की. झाडलोट मुलींकडे आणि मोजमाप मुलग्यांकडे, अशी वाटणीही नकळत होते, म्हणून कामे दर महिन्याला फिरवावी लागतात. दरवर्षी जुलैमध्ये फोटोसाठी त्याच खड्ड्यात रोप लावण्याला सेवा म्हणता येत नाही. विहीर, रस्ता, विजेची तार यांच्याजवळचे काम मुलांना देऊ नये.

सातवीची मुले माध्यमिक शाळेत गेली की गटाची घडी विस्कटते. त्यामुळे गटाची वही आणि कामाची जबाबदारी वार्षिक परीक्षेपूर्वीच सहावीकडे द्यावी आणि मे महिन्यातल्या पाण्याच्या पाळ्या त्याच वेळी पालकांसोबत ठरवाव्यात.