सूचना-फाइल (एआय कोडिंग साहाय्यकांसाठी)

सूचना-फाइल : प्रोग्राम लिहिणाऱ्या एआय साहाय्यकाला प्रकल्पाची रीत कळावी म्हणून प्रकल्पातच ठेवलेला संक्षिप्त मजकूर. मागच्या सत्रातले साहाय्यकाला सहसा आठवत नसल्याने चाचण्या कोणत्या कमांडने चालवायच्या, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही, एवढे तरी त्यात असते.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण ही प्रथा रीडमी फाइलशी, म्हणजे प्रोग्रामसोबत माणसांसाठी ठेवलेल्या माहितीपत्रकाशी जोडतात. तशा फाइली १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आढळतात. दुसऱ्या मतानुसार, जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट या एआय कोडिंग साहाय्यकाची चाचणी-आवृत्ती आल्यानंतरच्या काळात तेच ते प्रॉम्प्ट (साहाय्यकाला द्यायचा मजकूर) पुन्हापुन्हा टाइप करण्याचा कंटाळा हेच तिचे मूळ. हे मत अधिक ग्राह्य वाटते. रीडमी माणूस गरजेपुरती चाळतो. ही फाइल मात्र प्रत्येक सत्रात अथपासून इतिपर्यंत वाचली जाते, आणि तिची भाषा आज्ञार्थी असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या, अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड कोड या साहाय्यकाने ‘क्लॉड डॉट एमडी’ हे नाव रूढ केले. त्याच वर्षी ‘एजंट्स डॉट एमडी’ हा निरनिराळ्या साहाय्यकांसाठीचा सामाईक संकेत पुढे आला व वर्षअखेरीस लिनक्स फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या छत्राखाली गेला. ऑक्टोबर २०२५ मधील अँथ्रॉपिकच्या ‘स्किल’ पद्धतीत आधी फक्त नाव व वर्णन वाचले जाते, बाकीचा मजकूर गरज पडल्यावर. एकच कृती अनेक प्रकल्पांत लागत असेल, तर हीच सोय बरी.

लांबी हा कळीचा मुद्दा. लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती भाषा-मॉडेलांकडून निसटते, असे २०२३ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून कोड वाचून जे कळते ते लिहू नये.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मात्र कोडवरून न कळणारे बरेच असते. एकाच सभासद-यादीत मराठी, कन्नड व रोमन नोंदी येतात. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत इंग्रजी नाव ‘Belgaum’चे ‘Belagavi’ झाल्याने जुन्या-नव्या नोंदी जुळत नाहीत; म्हणून ‘गाव नावावरून नव्हे, गावाच्या सांकेतिक क्रमांकावरून जुळवावे’ ही ओळ हवीच. वर्णक्रमाचा घोळ याहून सूक्ष्म आहे. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत) ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसतो, मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर. त्यामुळे संगणकाच्या साध्या क्रमवारीत ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी येते, सभासद-यादीत उलटे हवे. कन्नडमध्येही नेमकी हीच अडचण. ‘यादी नीट लाव’ असे लिहून भागत नाही, ‘मराठी लोकेलचा (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचा) वर्णक्रम वापर, कावळे, मग काळे’ असे उदाहरणासह लिहावे लागते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेते व देवनागरी मजकूर बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजते ते) खातो. त्यामुळे सूचना इंग्रजीत आणि उदाहरणे देवनागरीत ठेवणे परवडते. उदाहरणे रोमनमध्ये लिहिली की ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि फाइल ज्यासाठी लिहिली तेच हुकते.