जिवाणूंच्या पुटिका : ‘स्राव’ शब्दावरून चाललेल्या वादाची पार्श्वभूमी

जिवाणूंच्या पुटिकांत, म्हणजे पटलापासून बनलेल्या बारीक फुग्यांत, सापडणाऱ्या आरएनएला (जनुकांतली माहिती वाहणाऱ्या रेणूला) ‘स्रवलेला’ म्हणावं का, हा तो वाद. ई. कोलाय (आतड्यात राहणारा जिवाणू) आणि कॉलऱ्याच्या जिवाणूंभोवतीचे असे फुगे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते १९६०च्या दशकात. अनेकांनी ते मेलेल्या पेशींचा चोथा म्हणून सोडून दिले. गंमत म्हणजे पुटिकांचं जीवशास्त्र नीट कळण्याआधीच मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकॉकस जिवाणूविरुद्धच्या लसींत त्या वापरल्याही गेल्या.

आरएनएकडे लक्ष गेलं ते बऱ्याच उशिरा. सस्तन प्राण्यांच्या पेशी पुटिकांमधून एकमेकींना आरएनए देतात, हे २००७ मध्ये दिसलं. मग जिवाणूंच्या पुटिकाही कोणी कोणी उघडून पाहू लागलं. २०१६ मध्ये स्यूडोमोनास या जिवाणूच्या पुटिकांत टी-आरएनएचा (प्रथिनं बनवताना लागणाऱ्या आरएनएचा) एक तुकडा सापडला. तो माणसाच्या श्वासमार्गातील पेशींत शिरून त्यांची दाहकारक प्रतिक्रिया मंदावतो.

खरा गुंता ‘स्रवलेल्या’ या विशेषणात आहे. स्राव म्हटलं की पाठवणारा आलाच. पण त्याच वर्षी स्यूडोमोनासचंच वेगळं चित्र समोर आलं. दांडीसारखी पेशी गोल होते, काही क्षणांत फुटते आणि पटलाच्या चिंध्या वळून त्यांच्या पुटिका बनतात. त्यात आजूबाजूचा आरएनएही अडकणारच. मग ही पाठवणी म्हणायची की सांडलवंड? पुटिकांतला आरएनए पेशीतल्या आरएनएपेक्षा वेगळ्या प्रमाणात असतो, म्हणजे तो निवडून भरलेला असणार, असा दावा होतो. मला तो अपुरा वाटतो. जे तुकडे टिकाऊ तेच उरले, असंही असू शकतं. शिवाय पुटिकेला बाहेरून चिकटलेला आरएनए आरएनेजने (आरएनए तोडणाऱ्या विकराने) आधी खाऊन टाकला नसेल, तर आकडे फसवे निघतात.

‘बाह्यपटल पुटिका’ हे जुनं नावही पुरत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूला बाह्यपटलच (पेशीचं सर्वांत बाहेरचं पटल) नाही, तरी २००९ मध्ये त्याच्या पुटिका दाखवल्या गेल्या. ‘पेशीबाह्य पुटिका’ हे नाव सगळ्यांना सामावून घेतं, पण पुटिका कुठल्या वाटेने बाहेर आली ते सांगत नाही.

आरएनए खरंच पाठवला जातो का, हे ठरवायला नुसत्या प्रमाणांच्या तुलनेपेक्षा जनुक काढून पाहिलेले प्रयोग अधिक बोलके आहेत. हवाईच्या एका स्क्विडच्या प्रकाश-अवयवात व्हिब्रिओ फिशेरी हा उजेड देणारा जिवाणू राहतो. त्याचा एसएसआरए हा आरएनए पुटिकांतून यजमानाच्या, म्हणजे स्क्विडच्या, पेशींत जातो, हे २०२० मध्ये दिसलं. या आरएनएचं जनुक काढलेला जिवाणू २४ तासांपर्यंत नेहमीइतकाच वाढला, पण त्याचा उजेड फिका होता. ४८ तासांपर्यंत त्याची संख्या घटू लागली आणि यजमानाच्या पेशी अवेळी सुजल्या.