जुन्या ट्रकचे कूलंट बदलणे

ट्रकच्या इंजिनाभोवती फिरणारे जुने पाणी पूर्ण काढून, आतला गंज आणि क्षार धुऊन, कूलंट व शुद्ध पाण्याचे नवे मिश्रण भरण्याचे काम. नाशिकच्या गॅरेजमध्ये याला ‘रेडिएटर धुणे’ म्हणतात, पण हे नाव अपुरे आहे. इंजिनाचा ब्लॉक, हेड, वॉटर पंप, होज पाइप आणि रेडिएटर यांतून एकच पाणी फिरते आणि सर्वांत जास्त गाळ ब्लॉकच्या तळाशी बसतो. जुन्या गाडीत या कामाचा खरा फायदा धुण्यात आहे. न धुता भरलेले महागडे कूलंट गंजाच्या गाळात मिसळून लवकर वाया जाते.

थंड देशांत कूलंट वापरण्याचे मुख्य कारण म्हणजे पाणी गोठू नये. निफाडकडे काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली जातो, तरी नाशिकच्या ट्रकला ती भीती फारशी नाही. इथे प्रश्न उकळण्याचा आणि गंजण्याचा आहे. मुंबईकडून माल भरून कसारा घाट चढताना किंवा आग्रा रस्त्याने चांदवडजवळचा राहुड घाट ओलांडताना गाडी खालच्या गिअरमध्ये रांगते. समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. पाण्यात निम्मे एथिलीन ग्लायकॉल (कूलंटचा मुख्य घटक) असेल तर समुद्रसपाटीवर हा आकडा १०७ च्या आसपास जातो. त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब असतो: दर चौरस इंचावरच्या एका पौंड दाबामागे साधारण दीड अंशाची भर. झाकणाचे रबर कडक होऊन चिरले असेल, तर हा सगळा फायदा त्या एका वायसरपायी जातो. म्हणून कूलंटबरोबर झाकणही बदलावे.

‘पाण्यानेच गाडी जास्त थंड राहते’ असे जुने ड्रायव्हर सांगतात. त्यात तथ्य आहे. उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. पण ते लोखंड गंजवते आणि मोठ्या डिझेल इंजिनात त्याहून वाईट एक गोष्ट घडते. बऱ्याच जुन्या इंजिनांत सिलिंडरच्या लायनरला (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीला) बाहेरून थेट पाणी लागलेले असते. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठभागावर वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि तिथेच फुटतात. त्या माराने लायनरला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात आणि एखादा खड्डा आरपार गेला की पाणी थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिझेल इंजिनासाठीच्या कूलंटमधली रसायने लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात. साध्या पाण्याला ते जमत नाही.

जुन्या ट्रकमध्ये कूलंट टिकत का नाही, याचे उत्तर रस्त्यावर सापडते. पाणी कमी झाले की क्लीनर कॅन घेऊन उतरतो आणि ढाब्याच्या बोअरचे, पावसाळ्यात घाटातल्या झऱ्याचे, जे मिळेल ते पाणी ओततो. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गरम धातूवर पांढरे कीट होऊन बसतात आणि उष्णता अडवतात. रेडिएटर ठिबकू लागला की त्यात मूठभर हळद टाकण्याचा उपायही जुना आहे. हळद भोक बुजवते हे खरे, पण सोबत जाळीच्या अरुंद नळ्याही बुजवते. अशी गाडी धुवायला आली की पहिल्या घमेल्यात तांबूस पाण्याबरोबर पिवळट लगदा आणि गंजाचे पोपडे पडतात. तळाशी बसलेला तो थर बोटांत चोळला की वाळूसारखा कचकचतो.

काम सुरू करण्याआधी ऑइलची काडी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे आले, तर दोष बहुधा हेड गॅस्केटमध्ये (हेड आणि ब्लॉकमधल्या पट्टीत), लायनरमध्ये किंवा खुद्द हेडमध्ये आहे. कूलंट बदलून तो जाणार नाही. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय झाकण उघडू नये. त्यावर ओले पोते टाकून झाकण फिरवण्याची सवय अनेकांना आहे आणि त्यातच हात-तोंड भाजते.

पाणी सोडताना रेडिएटरच्या खालच्या कॉकवर थांबू नये. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लगही उघडावा, नाहीतर बरेचसे जुने पाणी आतच राहते. हा प्लग वर्षानुवर्षे न उघडल्याने गाळाने तुंबलेला असतो. प्लग निघूनही धार येत नसेल तर तारेने भोक मोकळे करावे लागते. मग साधे पाणी व धुण्याचे रसायन (गंजासाठी बहुधा सायट्रिक अ‍ॅसिड असलेले) भरून, वरचा होज पाइप हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालवायचे, निवू द्यायचे, सोडायचे. पुढे साध्या पाण्याने हेच, काचेच्या ग्लासात पाणी नितळ दिसेपर्यंत. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक फेरीला थांबावेच लागते. त्यामुळे नीट केलेले काम तासाभरात उरकत नाही. रेडिएटरला उलटी धार, म्हणजे खालून वर, दिली तर अडकलेला कचरा सुटतो, पण धार हलकी ठेवावी. जुन्या तांब्या-पितळेच्या जाळीचे डाग (सोल्डरचे जोड) जोराने उकलतात. एवढे करूनही नळ्या बंद असतील तर टाकी उकलून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करावे लागते.

धुतल्यावर गाडी गळू लागली की मालक गॅरेजवाल्याला बोल लावतो. प्रत्यक्षात ते भोक आधीपासूनच होते, गंजाने आणि हळदीने ते बुजवून ठेवले होते. अशी गळती घाटात कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेली बरी, हे मालकाला आधीच सांगून ठेवावे.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. गाडी गरम होते म्हणून तो काढला की इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोचते, डिझेल जास्त जाते, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसताना पाण्याचा मोठा वाटा बायपासच्या आडवाटेने इंजिनातच परत फिरतो आणि रेडिएटरकडे जातच नाही. पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, थर्मामीटर लावून तो तपासता येतो. त्यावर छापलेल्या तापमानाला, अनेकदा ८० अंशांच्या आसपास, तो उघडू लागला पाहिजे.

भरताना हिशोब पूर्ण क्षमतेवर करावा. समजा एकूण २० लिटर बसते आणि मिश्रण निम्मे-निम्मे हवे, तर १० लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) आधी ओतावे, कारण धुण्याचे थोडे पाणी ब्लॉकमध्ये उरलेलेच असते. वरची भरती बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने करावी. तयार मिश्रण आणले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. रंगावरून प्रकार ठरवणे चुकीचे आहे; हिरवा, लाल, निळा हा उत्पादकाचा रंग, त्याला सर्वमान्य नियम नाही. वेगळ्या प्रकारांची सरमिसळ झाली की गंजरोधक गुण घटतो. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण २ वर्षे टिकते, सेंद्रिय आम्लांचे त्याहून बरेच जास्त. गाडीचे तोंड जरा चढाला ठेवून, झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले की अडकलेली हवा निघते, थर्मोस्टॅट उघडताच पातळी झपकन उतरते आणि तेव्हा पुन्हा भरावे लागते.

काढलेले कूलंट विषारी असून चवीला गोड असते. गॅरेजबाहेरची कुत्री ते चाटतात आणि थोड्याशाने मरतात. गटारात ओतलेले नासर्डीत उतरते आणि तिथून गोदावरीत. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून घातक कचरा उचलणाऱ्यांकडे द्यावे.

थंडी सरल्यावर, उन्हाळ कांद्याच्या फेऱ्या सुरू होण्याआधी हे काम उरकलेले सोयीचे. पहिल्या भरल्या फेरीनंतर, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, पातळी आणि होजच्या क्लिपा पुन्हा पाहाव्यात. गाडीत बोअरच्या पाण्याच्या जागी त्याच मिश्रणाचा ५ लिटरचा कॅन ठेवावा.