पवनचक्क्या ढग पळवत नाहीत
"पवनचक्क्यांनी ढग पळवले," हे माण-खटावात, जत-कवठेमहांकाळला कित्येक वर्षं ऐकतोय. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्याचा संताप मला कळतो, पण दोषी चुकीचा धरलाय. १८७६-७८ चा दुष्काळ पडला, १९७२ चा पडला, तेव्हा चाळकेवाडीच्या, म्हणजे साताऱ्याजवळच्या पवनचक्क्यांच्या पठारावर एकही पातं नव्हतं.

पातं जमिनीपासून फार तर दोन-अडीचशे मीटर वर जातं. मोसमी वाऱ्याचा दमट थर जोरात असला की पाच-सहा किलोमीटर जाड असतो. तो अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो, गार होतो आणि महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त ओततो. घाट उतरताना तीच हवा तापते, ढग विरतात. माणमधल्या म्हसवडच्या वाट्याला ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस येतो.

आणि श्रावणातला खंड? कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की आपल्याकडे वरची कोरडी हवा खाली बसते आणि दमट थर पातळ होतो. ढग दिसतात, भराभर पूर्वेला धावतात, म्हणून पळवल्यासारखे वाटतात. नीट बघा, ते बुटके, चपटे असतात. वर वाढायला त्यांना ओल मिळत नाही.