मुस्तफाची झिप का चालत नाही: आर्केड फाइलींच्या मांडणीची पार्श्वभूमी

आर्वी-पुसदसारख्या तालुक्याच्या गावी जुना व्हिडिओ गेम मोबाइलवर शोधणारा बहुतेक जण 'मुस्तफा' मागतो. कॅपकॉमच्या १९९३ च्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मुस्तफा हे त्यातल्या चार खेळाडूंपैकी एकाचं नाव. मेम हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या आर्केड यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारा प्रोग्राम, मात्र त्याला 'डिनो' (dino) म्हणतो आणि त्याच नावाची झिप शोधतो. झिपचं नाव बदलून 'मुस्तफा' केलं की गेम यादीतून गायब होतो, आणि फाइल खराब आहे असा समज पसरतो.

मेमची पहिली आवृत्ती निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी काढली. तेव्हा ती डॉसवर चालायची, आणि डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे. ही मर्यादा पुढे वाढली, पण आखूड नावांची रीत राहिली. यंत्राच्या सर्किट बोर्डावरच्या, गेम साठवलेल्या प्रत्येक रॉम चिपची एक फाइल आणि एका गेमच्या सगळ्या फाइलींची एक झिप, हा नियम आजही तोच आहे. आतल्या फाइलीचं नाव चुकलं तरी मेम ती सीआरसीवरून, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या तपासणीच्या बेरजेवरून, ओळखतो. झिपचं नाव चुकलं तर ओळखत नाही.

खरा घोळ एकाच गेमच्या अनेक रूपांमुळे झाला. नामकोचा 'पकमन' १९८० चा, अमेरिकेत मिडवेने तो 'पॅकमॅन' म्हणून आणला. मेममध्ये पकमन पालक, म्हणजे मुख्य रूप, आणि पॅकमॅन त्याचा क्लोन, म्हणजे त्याचंच दुसरं रूप. दोन्हींच्या प्रोग्रामच्या चिपा वेगळ्या, पण रंग आणि आवाजाच्या छोट्या प्रॉम चिपा सारख्याच. हार्डडिस्क महाग आणि इंटरनेट डायलअपचं असताना तीच फाइल दोनदा ठेवणं परवडत नव्हतं. म्हणून 'स्प्लिट' मांडणी रूढ झाली: क्लोनच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या फाइली, बाकीच्या पालकाकडून. 'मर्ज्ड'मध्ये सगळे क्लोन पालकाच्याच झिपमध्ये जातात. 'नॉन-मर्ज्ड'मध्ये प्रत्येक झिप आपापल्या पायावर उभी असते. जागा जास्त लागते.

गावाकडे गेम पेनड्राइव्हने किंवा मेमरी कार्डाने फिरतात, एकेक करून. स्प्लिटमधली पॅकमॅनची झिप एकटीच दिली तर घेणाऱ्याकडे ती अडते, कारण पकमनची झिप मागेच राहिलेली असते. त्यामुळे इथे नॉन-मर्ज्डच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. संपूर्ण संग्रह एकाच संगणकावर ठेवून नियमित अद्ययावत करणाऱ्याने खुशाल स्प्लिट वापरावी. मात्र बऱ्याच नॉन-मर्ज्ड संचांतही बायोसच्या, म्हणजे अनेक गेमना सामाईक असलेल्या यंत्राच्या मूळ प्रोग्रामच्या, फाइली नसतात, म्हणून निओजिओ यंत्रावरच्या 'मेटल स्लग'सोबत 'निओजिओ'ची झिप द्यावीच लागते.

दुसरी अडचण आवृत्तीची. मेम सुधारतो तशा फाइलींच्या याद्या बदलतात. मुस्तफाचा आवाज क्यूसाउंड या आवाजाच्या चिपचा आहे. नव्या मेमला त्या चिपमधली फाइलही लागते, ती 'क्यूसाउंड'ने सुरू होणाऱ्या नावाच्या वेगळ्या झिपमध्ये असते. जुनी 'डिनो' एकटी टाकली तर नवा मेम फाइल नाही म्हणून थांबतो. साध्या मोबाइलवर चालणारा 'मेम २००३' हा कोअर (रेट्रोआर्कसारख्या अॅपमध्ये चालणारा एम्युलेटर) मेमच्या ०.७८ आवृत्तीवर बेतलेला आहे, त्याला त्याच काळाचा संच हवा. म्हणून आधी एम्युलेटर ठरवा, मग त्याच आवृत्तीची डॅट फाइल, म्हणजे कोणत्या झिपमध्ये कोणत्या फाइली हव्यात याची यादी, घ्या आणि क्लरमेमप्रो किंवा रॉमव्हॉल्ट या प्रोग्रामने संच तिच्याशी जुळवून घ्या. मेमसोबत गेम येत नाहीत. त्यांचे हक्क कंपन्यांकडेच आहेत.

'किलर इन्स्टिंक्ट'सारख्या १९९४ च्या यंत्रात हार्डडिस्क होती. अशा डिस्कची प्रत सीएचडी फाइलीत असते. ती मुळातच दाबलेली असते, म्हणून झिप करू नये. 'किन्स्ट' (kinst) या गेमच्या आखूड नावाच्या फोल्डरमध्ये तशीच ठेवावी. काही सीएचडी ४ जीबीहून मोठ्या असतात आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उतरतच नाहीत. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवून.

कॉपी सुरू असताना लाइट गेली तर झिप अर्धवट राहते, आकार मात्र कधीकधी पूर्ण दिसतो. संगणकावरच्या मेमला 'व्हेरिफायरॉम्स' (-verifyroms) हा आदेश गेमच्या आखूड नावासह द्या. कोणती फाइल नाही किंवा कोणाची तपासणीची बेरीज जुळत नाही ते तो नावानिशी सांगतो. तेवढी एकच झिप पुन्हा कॉपी केली तरी पुरतं.