मेंदूला चुंबकाचा ठोका द्यायचा, पण नेमका कधी?

डिप्रेशनवर मॅग्नेटिक ट्रीटमेंट असते म्हटलं की आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "म्हंजे शॉक देत्यात व्हय?" राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर हे इतक्या वेळा ऐकलंय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. शॉक नाही. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, इथं माणूस टक्क जागा खुर्चीत बसलेला असतो, डोक्याला इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल टेकवतात आणि मशीन टक-टक वाजत राहतं, आवाज बराच असतो म्हणून कानात प्लग घालायला देतात.

याचं नाव टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, कवटीच्या बाहेरून चुंबकानं मेंदूला चालना देणं. 1985 मध्ये इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या टीमनं पहिल्यांदा करून दाखवलं. आतली गोष्ट मात्र फॅरेडेची, 1831 ची, शाळेत आपण सगळ्यांनी पाठ करून विसरलेली: चुंबकीय क्षेत्र झटकन बदललं की शेजारच्या वाहकात करंट तयार होतो, आणि इथं तो वाहक म्हणजे आपला मेंदू. क्षेत्राची ताकद साधारण दीड-दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय मशीनच्या तोडीची, पण एक पल्स पुरता एक मिलिसेकंदसुद्धा टिकत नाही आणि आत पोचतो दोन-तीन सेंटीमीटर.

आता गंमत बघा. डोस ठरवायला डॉक्टर बघतात तुमचा अंगठा. डोक्याच्या बाजूला, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागावर कॉइल धरून पल्स सोडला की अंगठा आपोआप उडतो, तुम्ही काहीही केलेलं नसताना! मग ताकद कमी करत करत जिथं दहापैकी पाच वेळाच अंगठा हलतो तिथं थांबायचं, ते तुमचं मोटर थ्रेशोल्ड. पण कॉइल तीच, जागा तीच, ताकद तीच, मग पाच वेळा हलतो आणि पाच वेळा ढिम्म, असं का?

कारण मेंदू काय आपल्या पल्सची वाट बघत गप्प बसलेला नसतो. त्याच्या लाटा चालूच असतात. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावरून त्या पहिल्यांदा टिपल्या आणि 1929 मध्ये छापल्या, त्यालाच आपण ईईजी म्हणतो. हाताच्या भागावर तुम्ही निवांत असताना सेकंदाला आठ ते बारा वेळा खालीवर होणारी एक लाट असते, तिला म्यू म्हणतात, मूठ वळली की ती दबते, नुसती वळायचा विचार केला तरी दबते. या लाटेबरोबर तिथल्या पेशींची तयारीही कमीजास्त होत असावी अशी कल्पना आहे, म्हणजे एका क्षणी पेशी टपून बसलेल्या आणि पुढच्या क्षणी सुस्त. तालमीत वस्ताद सांगतात ना, जोर सगळ्यांकडं असतोय, समोरच्याचा पाय हलला की डाव टाक, तसलाच प्रकार.

जर्मनीत ट्युबिंगनला क्रिस्टॉफ झ्रेनर, उल्फ झीमान वगैरे मंडळींनी 2018 मध्ये हेच करून बघितलं. डोक्यावर ईईजीची टोपी, सिग्नल लाइव्ह कॉम्प्युटरला, आणि म्यू लाट तळाला पोचली की त्याच क्षणी तीन-तीन पल्सेसचा झटका. तळाला दिलेल्या झटक्यांनंतर हाताचा प्रतिसाद वाढला आणि तो वाढलेला टिकला, तेवढेच झटके शेंड्यावर किंवा कधीही कसेही दिले तर तसा वाढला नाही.

ऐकायला सोपं वाटतं पण करायला लई अवघड काम आहे हे. दहा हर्ट्झची एक लाट म्हणजे 100 मिलिसेकंद, त्यातला कामाचा तुकडा त्याहून कितीतरी लहान, आणि ईईजीचा सिग्नल असतो जेमतेम दहा-वीस मायक्रोव्होल्टचा, त्यात घरातल्या लाइटच्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण मिसळलेली. सिग्नल फिल्टर करायचा तर फिल्टरला पुढचा-मागचा दोन्हीकडचा डेटा लागतो, आणि पुढचा अजून घडलेलाच नसतो! म्हणून कडेचा खराब तुकडा कापून टाकायचा, मागच्या अर्ध्या सेकंदावरून गणितानं पुढची लाट ताणायची आणि पल्स त्या अंदाजावर सोडायचा. म्हणजे लाट बघून ठोका देत नाहीत, लाट येणार म्हणून देतात. वरून पल्स सुटला की ईईजीचा ॲम्प्लिफायर क्षणभर आंधळा होतो ते वेगळंच.

आणि सगळ्यांनी मान डोलावली असंही नाही. 2019 मध्ये कोपनहेगनच्या गटानं बघितलं तर लाटेच्या कुठल्या टोकाला पल्स दिला याचा त्यांना फरकच दिसला नाही. शिवाय प्रत्येकाची म्यू लाट ठळक नसते, काहींची इतकी बारीक की कॉम्प्युटरला पकडताच येत नाही. मला स्वतःला वाटतं कल्पनेत दम आहे, पण एक अंगठा उडवणं वेगळं आणि महिनोन्‌महिने उदास असलेला माणूस बरा होणं वेगळं. डिप्रेशनसाठी पल्स द्यायचा असतो कपाळाच्या मागं डावीकडं, आणि तिथं उडायला अंगठा नाही, मग नेम बसला का नाही हे कळणार कशावरून? 2020 मध्ये ट्युबिंगनवाल्यांनी त्या भागावर लाट बघून पल्स द्यायचा छोटा प्रयोग पेशंटवर केला, त्यातून हे जमतं एवढं दिसलं, ही आता रोजची ट्रीटमेंट झाली असं नव्हे.

दवाखान्यातलं मशीन अजून घड्याळावरच चालतं, म्हणजे लाट न बघता ठरलेल्या ठेक्यात पल्स सोडतं. अमेरिकेत 2008 पासून डिप्रेशनसाठी परवानगी आहे ती याच घड्याळी पद्धतीला, आणि तीही बऱ्याच जणांना उपयोगी पडते, त्यामुळं कुणाची ट्रीटमेंट चालू असेल तर हे वाचून मध्येच सोडू नका. 2018 च्या कॅनडातल्या मोठ्या ट्रायलमध्ये तर तीन मिनिटांचं सेशन साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या सेशनपेक्षा कमी पडलं नाही. फक्त कुणी "तुमच्या ब्रेनवेव्हशी मॅच करून देतो" म्हणून जादा पैसे सांगितले तर एवढंच विचारा, ईईजीची टोपी कुठाय?